हलक्या रायफलीचा नेम का चुकतो?



भुईमुगाला आऱ्या सुटून शेंग भरू लागली, की रानडुकराला निरोप धाडावा लागत नाही. सातगाव पठारावरचा बटाटा असो, आहुपे खोऱ्यातले भात असो, की कुकडी-घोडच्या पाण्यावरचा मका आणि ऊस असो. एका रात्रीत कळप येतो आणि चार महिन्यांची मेहनत उकरून जातो. सकाळी बांधावर उभे राहून ती नासधूस पाहणाऱ्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो बंदुकीचा. म्हणूनच जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत पीकसंरक्षणाची बैठक असली, की खते-औषधांचे प्रश्न संपल्यावर कोणीतरी हळूच विचारतो, "साहेब, कारखान्याची हलकी रायफल घेतली तर? पण तिचा नेम लागत नाही म्हणतात, ते खरे का?"

प्रश्न रास्त आहे. रायफल, काडतुसे आणि परवान्याच्या खेपा हे सारे धरले, तर दुभत्या गाईएवढी रक्कम गुंतून पडते. शिवाय गाईचा सौदा चुकला तर दूध कमी येते एवढेच. गोळी चुकली तर ती कोणाच्या तरी अंगणात जाऊन पडते. तेव्हा या हलक्या रायफलीत दोष कोणता, गुण कोणता आणि आपल्या शेतावर तिचा उपयोग किती, हे आज नीट समजून घेऊ.

हलकी म्हणजे कोणती?

आधी बंदूक आणि रायफल यांतला फरक पाहू. आपल्याकडे वाडवडिलांपासून चालत आलेली ती बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी. तिची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून छर्रे किंवा एकच मोठा गोळा सुटतो. रायफलीच्या नळीत आतून पिळदार चरे पाडलेले असतात. त्या चऱ्यांमुळे गोळी गरगरत बाहेर पडते. भोवरा फिरता असला की तोल धरतो, तशी ही गोळी फिरती असल्याने आपला मार्ग धरून लांब जाते.

आपल्या देशातल्या परवानेदाराच्या ओळखीची रायफल म्हणजे सरकारी कारखान्याची 'तीनशे पंधरा'. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. तिची कुळकथाही ऐकण्याजोगी आहे. सैन्याचे ३०३ चे काडतूस खासगी माणसाच्या हत्यारात चालू लागले, तर ते चोरवाटेने बाहेर जाईल, ही इंग्रज सरकारला भीती होती. म्हणून सैन्याच्या मापाची रायफल खासगी माणसाला मिळू नये असा बंदोबस्त त्यांनी केला. मग शिकाऱ्यांसाठी दुसरे माप शोधले गेले. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे एकोणिसाव्या शतकातले आठ मिलिमीटरचे काडतूस त्यासाठी निवडले गेले आणि तेच आपल्याकडे ३१५ बोअर म्हणून रूढ झाले. त्याची गोळी सुमारे १६ ग्रॅमची असते आणि नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास असतो.

सैन्याची जुनी ३०३ रायफल भरायची चार किलोच्या आसपास. नाणेघाटासारखी चढण दिवसभर चढायची असेल तर एक-एक पावशेर जाणवतो. परदेशांतही शिकारी डोंगर तुडवतात, म्हणून कारखानदारांनी वजन घटवायला सुरुवात केली. अमेरिकेत विंचेस्टर कंपनीने १९५२ साली आपल्या प्रसिद्ध रायफलीचा हलका नमुना काढला आणि त्याला 'फेदरवेट', म्हणजे पिसासारखी हलकी, असे नाव दिले. ती साधारण तीन किलोची होती. वजन घटवायची युक्ती सगळीकडे एकच असते. नळी बारीक करायची, दस्ता सडपातळ करायचा आणि जिथे जमेल तिथे लोखंड कोरून काढायचे. आता या कोरलेल्या लोखंडाची किंमत कुठे मोजावी लागते ते पाहा.

पहिले कारण : खांद्याचा धक्का

डिंभ्याच्या जलाशयात लहान होडीतून काठावर उडी मारली, तर होडी सपकन मागे सरकते. जड नावेतून तीच उडी मारली, तर नाव जेमतेम हलते. रायफलीचेही तसेच आहे. काडतूस तेच, दारू तीच, गोळी तीच; पण चार किलोच्या रायफलीऐवजी तीन किलोची घेतली, तर खांद्यावर आदळणारा जोर सुमारे एक तृतीयांशाने वाढतो.

जोराने खांदा मोडत नाही, पण मन धास्तावते. दोन-चार बार खाल्ले, की पुढच्या बाराला डोळे आपोआप मिटतात, खांदा आकसतो आणि चाप दाबण्याऐवजी हिसकला जातो. गोळी सुटण्याच्या आधीच नळी खाली झुकलेली असते. सराव घेणारे जाणकार याची एक परीक्षा करतात. सरावाच्या मैदानावर दुसरा माणूस रायफल भरून देतो आणि मधूनच दारू नसलेले, केवळ सरावाचे काडतूस घालतो. बार होत नाही, पण नळीचे टोक कसे बुडी मारते ते सगळ्यांना दिसते. नेम चुकण्याच्या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात. नाचता येईना अंगण वाकडे, अशातली ती गोष्ट असते.

यात भर पडते ती चापाची. कारखान्यातून येणारा चाप सुरक्षिततेसाठी जड ठेवलेला असतो. जड रायफल जड चाप ओढतानाही जागची हलत नाही. हलकी मात्र बोटाच्या जोरासरशी एका बाजूला ओढली जाते. यावर उपाय म्हणून गावातल्या कारागिराकडून चाप घासून घेणे हा मात्र जिवाशी खेळ आहे. असा चाप नुसत्या हिसक्यानेही सुटू शकतो. दुरुस्ती करायचीच तर परवानाधारक दुकानातून करावी.

दुसरे कारण : बारीक नळी

नळी वरवर लोखंडी आणि ताठ दिसते. परंतु बार होताना ती झाडलेल्या चाबकासारखी थरथरते. जाड नळी कमी थरथरते, बारीक जास्त. आणि हा फरक आपल्याला वाटतो त्याहून मोठा असतो. नळीची जाडी एक दशांशाने कमी केली, तर तिचा ताठपणा साधारण एक तृतीयांशाने जातो. म्हणून बारीक नळीला काडतुसातला थोडासा फरकही खपत नाही. एका जातीच्या काडतुसांनी तीन गोळ्या जवळजवळ पडतात, तर दुसऱ्या जातीच्या काडतुसांनी त्याच रायफलीच्या गोळ्या हातभर फाकतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पातळ तवा लवकर तापतो, जाड तवा उशिरा. बारीक नळी तीन-चार बारांतच हाताला चटका देऊ लागते. नळी तयार करताना धातूत ताण राहून गेला असेल, तर तापताच ती केसभर वाकते. पहिल्या दोन गोळ्या जागेवर लागतात, तिसरी थोडी वर जाते आणि पाचवी भलतीकडेच. माणूस म्हणतो, रायफल खराब. वास्तविक रायफल तापलेली असते.

तिसरे कारण : लाकूड आणि पाऊस

आपल्या पश्चिम पट्ट्यात आषाढ-श्रावणात वाड्याचा दरवाजा चौकटीला घासू लागतो, हे घराघरातल्या बायाबापड्यांना ठाऊक आहे. लाकूड पाणी पिते आणि फुगते. रायफलीचा दस्ताही लाकडीच असतो. तो फुगून नळीला एका बाजूने रेटू लागला, की जाड नळी तो रेटा सोसते, बारीक नळी मात्र सरकते. उन्हाळ्यात बसवलेला नेम पावसाळ्यात चार बोटे बाजूला गेलेला आढळतो तो यामुळेच. दस्ता सडपातळ केलेला असेल, तर तो हाताच्या पकडीनेही थोडा लवतो.

याखेरीज किरकोळ दिसणारी, पण घात करणारी कारणे आहेतच. दस्त्याचे स्क्रू ढिले होतात. मोटारसायकलवरून नेताना पुढची माशी आपटून कलते. लोखंडी गज तोंडाकडून घालून नळी साफ केली, तर नळीच्या तोंडाची कड झिजते आणि गोळी बाहेर पडतानाच कलंडते. ओलीत ठेवलेली जुनी काडतुसे एकसारखा जोर देत नाहीत. रायफल बदलण्याचा विचार करण्यापूर्वी एवढे तपासून घ्यावे.

नेम किती हवा?

आता मुद्द्याची गोष्ट. नेम हवा तरी किती? स्पर्धेतल्या नेमबाजाला शंभर मीटरवर नाण्याएवढ्या जागेत दहा गोळ्या बसवायच्या असतात. त्याची रायफल जड असते आणि त्याला ती घेऊन डोंगर चढायचा नसतो. शिकारी रायफलीचे काम वेगळे. मोठ्या रानडुकराच्या पुढच्या पायाच्या मागे, हृदय आणि फुप्फुसे असतात ती जागा लहान ताटलीएवढी भरते. शंभर मीटरवर तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडल्या, तर ती रायफल त्या कामाला पुरेशी आहे. मग ती हलकी असो की जड.

परीक्षा मात्र रीतसर करावी. ती शेतात किंवा माळावर करायची नाही. रायफल क्लबच्या अधिकृत मैदानावर, जाणकाराच्या देखरेखीखाली करायची. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवावी, नळी टेकवू नये. तीन बार झाले की नळी पूर्ण थंड होऊ द्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तीन वेगवेगळ्या दिवशी थंड नळीचा पहिला बार कुठे लागतो ते एकाच कागदावर टिपून ठेवावे. ते तीन पहिले बार एकमेकांशेजारी पडले, तर त्या हलक्या रायफलीवर 'नेम नाही' हा आळ घेऊ नये.

हेच तिचे खरे मोल. तिचा पहिला बार प्रामाणिक असतो, दुसरा बहुधा असतो. पाचव्यावर विसंबू नये. जिम कॉर्बेट यांनी १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला, तो रिग्बी कंपनीच्या २७५ बोअरच्या हलक्या रायफलीने. रात्री, आंब्याच्या झाडावर बसून, जवळून आणि एकाच बाराने. हलक्या रायफलीचे काम असेच असते. अंतर कमी, टेकू पक्का, बार एक.

शेतावर मात्र हिशेब वेगळा

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "मग घेऊन टाकू." थोडे थांबा.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहा. १९५१ च्या मुंबई वन्यप्राणी कायद्याच्या काळात शिकारीचे परवाने मिळत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो काळ सरला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका झालेला असेल, तर कलम ११ खाली वनखात्याचा अधिकारी मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो, आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रानडुक्कर व रोही यांच्यासाठी ही पद्धत सोपी केली. पण परवानगी हातात नसताना बार काढला, तर रायफलीचा परवाना असूनही तो गुन्हाच. बिबट्या तर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्यावर बंदूक उगारण्याचा विचारही कोणी करू नये. बिबट्या दिसला तर वनखात्याला कळवावे.

दुसरे, शस्त्र परवान्याचे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. रायफल या वाटेने मिळत नाही. तिच्यासाठी वेगळे आणि सबळ कारण दाखवावे लागते. कायदा करणाऱ्यांनी हा फरक उगीच केलेला नाही.

तो का केला, हे आपल्या शिवारात उभे राहिले की कळते. बारा बोअरचे मोठे छर्रे तीस-पस्तीस मीटरपर्यंत उपयोगी, पुढे त्यांचा जोर लवकर सरतो. रायफलीची चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत वस्त्या मळ्यामळ्यांत विखुरलेल्या आहेत. गळीत हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. पाचटाच्या भिंतीआड त्यांची लेकरे झोपलेली असतात. दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे रानात बसतात. रात्रपाळीच्या विजेमुळे कोणी बापडा मोटार चालू करायला बॅटरी घेऊन बांधावरून चाललेला असतो. डुकरे येतात तीही रात्रीच. उसाच्या पाल्यात खसफस झाली म्हणून आवाजावर रायफल झाडणारा माणूस कोणावर नेम धरतो आहे, हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते. गोळी नुसती चालली तर तिला अडवायला मागे मातीचा उंच बांध किंवा टेकडीचा उतार हवा. तो नसेल तर बार नाही, हा नियम देवघरातल्या दिव्यासारखा सांभाळावा.

तिसरे, जखमी डुक्कर. हलक्या रायफलीचा घाईतला दुसरा-तिसरा बार पोटात किंवा पायाला लागतो. असे डुक्कर उसात शिरून बसते आणि सकाळी पाणी धरायला गेलेल्या माणसावर धावते. त्याच्या सुळ्याने मांडी फाटली तर मांचर-नारायणगावपर्यंत पोचेतो रक्त थांबत नाही. आणि कळपातले एक डुक्कर मेले तरी उरलेले आठ दिवसांनी परत येतातच. पीक राखणे हे रोजचे काम आहे. ते एका बाराने होत नाही.

घरात जुनी बंदूक असेल तर

आजोबांच्या नावाची रायफल किंवा दुनळी पुष्कळ घरांत माळ्यावर किंवा कपाटात असते. परवानेदार वारला, की ते हत्यार आपोआप मुलाचे होत नाही. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ते जमा करून पावती घ्यावी आणि वारसाने जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतःचा अर्ज करावा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नव्या परवान्यासाठी हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त शस्त्रे ठेवता येत नाहीत आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे.

भगिनींना एक विनंती. काडतुसे आणि हत्यार एका कपाटात राहू देऊ नका. दोन कुलपे, दोन किल्ल्या, आणि दोन्ही मुलांच्या हाताला न लागणाऱ्या जागी. पाहुण्यांसमोर बंदूक काढून मिरवणे, लग्नाच्या वरातीत बार काढणे, हे घरच्या कर्त्या बाईने ठामपणे बंद करावे. तिचे ऐकले जाते.

मग करावे तरी काय?

नुकसान झाले, की शेत आवरायच्या आधी फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे भरपाईचा अर्ज द्या. जुन्नर, ओतूर, मंचर आणि घोडेगाव येथे वनपरिक्षेत्र कार्यालये आहेत. पंचनाम्याला सातबारा हाताशी ठेवा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परतू नका. तिथेच डुकराच्या परवानगीचा अर्ज आणि सौर कुंपणाच्या अनुदानात आपले गाव बसते का, याची चौकशी करा. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो. तो जनावराला परतवतो, मारत नाही. घरगुती विजेची तार बांधावर सोडणे मात्र माणसे मारणारे आहे आणि तो गुन्हाही आहे.

कुंपण एकट्याने केले तर डुकरे शेजाऱ्याकडे वळतात, म्हणून पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून शिवाराला एक वेढा घालावा. ओढ्याकाठची झुडपे काढून लपणे कमी करावे. शेंग भरण्याच्या आणि कणीस दुधात येण्याच्या तीन-चार आठवड्यांत पाळीपाळीने राखण करावी. याच आठवड्यांत पीक जाते किंवा राहते. त्या काळात माचाणावर दोन जागे माणूस, एक बॅटरी आणि एक डबा हे कोणत्याही कारखान्याच्या रायफलीपेक्षा जास्त पीक वाचवतात.

एवढे करूनही परवानगी घेऊन डुक्कर मारण्याची पाळी आलीच, तर ते काम ज्याच्याकडे रीतसर परवाना आहे, ज्याने मैदानावर आपल्या हत्याराचा पहिला बार पारखला आहे आणि ज्याला बार न काढता परत येण्याची लाज वाटत नाही, अशाच माणसाकडे सोपवा. आणि दुभत्या गाईएवढी रक्कम हाताशी असेल, तर ती आधी शेजाऱ्यांबरोबरच्या कुंपणात घाला. खरिपाचे पीक त्याचा जाब चांगला देईल.